झाड सुकते आहे; दोष किडीचा की मातीचा?

पावसाळा सरताना या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा पिकांपेक्षा उभ्या झाडांबद्दलची पत्रे अधिक आहेत. शाळेच्या आवारातला कडुनिंब, वेशीवरचा गावरान आंबा, धुऱ्यावरची झाडे, जंगलातला मोह अशा सगळ्यांची काळजी वाचकांनी कळवली असून, जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कोणते औषध फवारावे?’ हा एकच प्रश्न आहे. कपाशी किंवा सोयाबीनच्या बाबतीत हा प्रश्न रास्त असतो, कारण सहा महिन्यांच्या पिकावर आज दिसणारे लक्षण बहुधा गेल्या पंधरवड्यातल्या कारणाचे असते. झाडाचे तसे नाही. खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिष्टावर ते कित्येक हंगाम तग धरते, आणि हा साठा आटत आला की मगच वाळू लागते. तोवर मूळ कारण घडून तीन-चार पावसाळे उलटून गेलेले असतात. खोडावर दिसणारा किडा पुष्कळदा त्यानंतर आलेला असतो. पुढील उत्तरांत म्हणूनच औषधांची नावे थोडी आणि चौकशी जास्त आहे. त्याबद्दल वाचकांनी नाराज होऊ नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारातील आणि पांदणीच्या कडेच्या कडुनिंबांचे शेंडे ऑगस्टपासून तपकिरी पडत आहेत. लांबून पाहिले तर झाडावर कोणी उकळते पाणी ओतले असावे असे वाटते. आजूबाजूची बाभूळ, बोर, चिंच मात्र हिरवीगार आहेत. हे कशामुळे होते आणि झाडे वाचतील काय?
— एक शिक्षक, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ

उत्तर : आपण बाभूळ, बोर आणि चिंच हिरवी असल्याचे लिहिले, हे फार बरे केले, कारण निम्मे निदान त्या एका वाक्यात आहे. दुष्काळ, खारे पाणी, मुळांची तोड, साचलेले पाणी अशी कारणे झाडाची जात पाहत नाहीत. त्यांचा फटका कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांनाच बसतो. एकाच जातीची झाडे, तीही एकमेकांपासून दूर असलेली, एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने वाळत असतील तर मात्र रोगाचा संशय घ्यावा. आपण वर्णन केलेली लक्षणे कडुनिंबाच्या शेंडेमर रोगाची आहेत. तो ‘फोमॉप्सिस अझाडिरॅक्टी’ नावाच्या बुरशीमुळे होतो. आपल्या तालुक्याला लागून असलेल्या तेलंगणात अलीकडच्या वर्षांत हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला आहे. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर या बुरशीचे बीजाणू पसरतात, त्यामुळे पावसाळ्यात रोग सुरू होतो आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत तो डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. कोकणात काजूच्या मोहोरावर येणारा ढेकण्या नावाचा किडा कडुनिंबाच्याही कोवळ्या फुटीतला रस शोषतो. त्याने टोचलेल्या जागी काळसर तपकिरी चट्टे पडून शेंडा वाळतो, आणि बुरशीला आत शिरायला आयती वाटही मिळते. दोन्ही कारणे एकाच झाडावर असणे मुळीच अवघड नाही.

खात्री करण्यासाठी हाताशी येणारी एखादी फांदी घ्यावी आणि वाळलेल्या टोकाकडून झाडाकडे येत नखाने साल खरवडत जावी. टोकाला आतला भाग कोरडा आणि तपकिरी असेल, पुढे एका ठिकाणी तो एकदम हिरवा आणि ओलसर होईल. ही सीमारेषा ठळक असणे हे शेंडेमरचे लक्षण आहे. पाण्याच्या ताणाने वाळणाऱ्या कडुनिंबात आधी फांदीच्या आतल्या बाजूची जुनी पाने पिवळी होऊन गळतात. शेंडेमरमध्ये बाहेरची, टोकाची पाने तपकिरी होतात आणि पुष्कळदा न गळता तशीच लोंबत राहतात.

मोठी झाडे बहुतांशी वाचतात. पाऊस थांबला की बुरशीचा जोर ओसरतो आणि पुढच्या पालवीला झाड पुन्हा फुटते. म्हणून घाबरून झाड तोडू नये, आणि बुंध्याशी मिठाचे पाणी किंवा कसलेसे रसायन ओतण्याचा उद्योगही करू नये. शाळेतली रोपे किंवा डोक्याइतकी झाडे असतील तर रोगट शेंडे हिरव्या भागात वीतभर आत येऊन छाटावेत, छाटलेला माल जाळावा आणि कोरड्या दिवशी कार्बेन्डाझिमची ५० टक्के भुकटी लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारावी. हा रोग बियांतूनही पसरतो, तेव्हा या झाडांच्या निंबोळ्या रोपवाटिकेसाठी वापरू नयेत.

मोठ्या झाडावर फवारणी करावी काय, असे आपण विचारले नसले तरी कोणीतरी ते सुचवेलच. तीस-चाळीस फुटांवरच्या शेंड्यावर खालून मारलेले औषध शेंड्यावर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर व शाळेच्या व्हरांड्यात जास्त पडते. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचा जीव गेला. पिकाची उंची मानेच्या वर गेली की फवारणी किती धोक्याची होते, हे आपल्या भागाला नव्याने सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : गावाच्या वेशीवर गावरान आंब्याचे फार जुने झाड आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या एका अंगाने सिमेंटचा रस्ता आणि नाली झाली. त्याच वेळी बुंध्याभोवती मुरूम भरून गोल ओटा बांधला आणि वर गट्टू बसवले. गेल्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, यंदा रस्त्याकडची अर्धी बाजू वाळली आहे. खोडातून भुसा पडतो आणि छिद्रे दिसतात. काही जण छिद्रांत रॉकेल ओतावे म्हणतात, काही जण झाड तोडून मोकळे व्हावे म्हणतात. ही कोणती कीड आहे?
— ग्रामपंचायत सदस्य, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती

उत्तर : किडीचे नाव सांगतो, पण आपल्या झाडाचा मूळ आजार तिच्यामुळे आलेला नाही.

पत्रासोबतच्या छायाचित्रांत दोन प्रकारची छिद्रे दिसतात. करंगळी जाईल एवढ्या छिद्रातून ओलसर, जाडाभरडा भुसा बाहेर पडला आहे. ते काम भिरूडाचे, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीचे आहे. लांब मिशांचा राखी भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो, पिवळट पांढरी अळी लाकडात शिरते आणि वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ आत राहते. दुसरी छिद्रे टाचणीच्या डोक्याएवढी आहेत, आणि त्यांतून भुशाच्या बारीक काड्या बाहेर आलेल्या दिसतात. हे भुंगेरे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. ते लाकूड खात नाहीत. बोगद्यात आपल्या उपयोगाची बुरशी वाढवतात आणि तीच खातात. या चिमुकल्या भुंगेऱ्यांबद्दलची एक गोष्ट निदानाला फार उपयोगी आहे. मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाडाच्या आत थोडा मद्यार्क तयार होऊन तो सालीवाटे बाहेर पडू लागतो, आणि हे भुंगेरे नेमक्या त्या वासावर येतात. धडधाकट झाड त्यांना सहसा सापडत नाही. भिरूडाची मादीसुद्धा जखमी, उन्हाने फाटलेली आणि अशक्त साल निवडते. तेव्हा छिद्रे पाहून ‘किडीने झाड मारले’ असा निष्कर्ष काढण्याऐवजी, या झाडाची मुळे कशामुळे गुदमरली, असा प्रश्न विचारायला हवा.

त्याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. नालीसाठी जेसीबीने खणलेल्या चराने त्या बाजूची मुळे एका दिवसात तुटली. एका बाजूची मुळे मुख्यत्वे त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पुरवतात, म्हणून रस्त्याकडची बाजू आधी वाळली. हवेतून किंवा पावसातून आलेला रोग अशी रेष आखून अर्धेच झाड धरत नाही. उरलेल्या मुळांवर मुरूम, गिट्टी आणि गट्टू आले, तेव्हा हवा आणि पाणी दोन्ही अडले. शिवाय खोडाची साल मातीत राहण्यासाठी बनलेली नसते. बुंधा जमिनीत शिरण्यापूर्वी पसरट होतो आणि मुळांचे फाटे वर दिसतात, हे आपण गावातल्या कोणत्याही मोकळ्या झाडाखाली पाहू शकता. ओट्यातून खोड विजेच्या खांबासारखे सरळ वर आलेले दिसत असेल तर पसरट बुंधा खाली गाडला गेला आहे आणि तिथली साल सतत ओली राहते आहे, असे समजावे.

आता तपासणीचे काम. एका बाजूचे गट्टू काढून खुरप्याने, कुदळीने नव्हे, माती हलकेच दूर करत मूळ बुंध्यापर्यंत जावे. तिथली साल चाकूच्या टोकाने अगदी थोडी खरवडून पाहावी. आतला थर पांढरट, घट्ट आणि ओलसर असेल तर ती जागा जिवंत आहे. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा असून साल बोटाने सुटून येत असेल तर ती कुजली आहे. बुंध्याच्या चारी अंगांनी असे पाहून जिवंत भागावर चुन्याची खूण करत जावे. निम्म्याहून अधिक घेर मेलेला निघाला तर झाडाची आशा थोडी आहे. बुंध्याशी टणक, लालसर तपकिरी, वरून वार्निश लावल्यासारखी चकाकणारी छत्री उगवलेली दिसली तर ती गॅनोडर्मा नावाची बुरशी असते आणि आतली मुळे सडली असल्याचे सांगते. हिरव्या पानांचे झाडही या अवस्थेत वादळात उन्मळून पडते, आणि आपल्या झाडाखालून रस्ता जातो, म्हणून ही छत्री शोधणे अगत्याचे आहे.

बुंधा जिवंत निघाल्यास ओटा काढावा. यावर गावात कुरबुर होईल याची कल्पना आहे, कारण ओट्यावर खर्च झाला आहे आणि संध्याकाळी बसायला ती चांगली जागा आहे. पण झाड ठेवून ओटाही ठेवण्याचा मार्ग मला दिसत नाही. बसायला दगडी बाके थोडी दूर ठेवता येतील. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, हे ग्रामसभेत सांगितल्यास उपयोग होऊ शकेल. भरलेला मुरूम हातानेच काढून जमीन मूळ पातळीवर आणावी, त्यावर पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन द्यावे आणि ते खोडाला टेकू देऊ नये. मार्च ते जून या काळात, आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना, दर पंधरा दिवसांनी फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी सोडावे. बुंध्याशी बादली ओतण्याने काही साधत नाही. युरिया देऊ नये. नत्राने पालवी फुटते, पण ती जगवायला मुळेच नसतात आणि उरलासुरला साठा तिच्यात खर्ची पडतो.

भिरूडाच्या ज्या छिद्रांतून ताजा भुसा येतो, त्यांत सायकलच्या तारेचा आकडा घालून अळी ओढून काढावी किंवा आतच भोसकावी, आणि छिद्र चिखलाने बुजवावे. आठ दिवसांनी पुन्हा भुसा आला तर अळी जिवंत आहे. रॉकेल ओतू नये. ते सालीखालचा जिवंत थर जाळते. छिद्रात डायक्लोरव्हॉसचा बोळा भरण्याची शिफारस जुन्या पुस्तिकांत आढळते, परंतु त्या औषधावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. पिनएवढ्या छिद्रांवर काहीही करू नये.

वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी कोरड्या दिवसांत छाटाव्यात. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा एक उंच घेर असतो. त्या घेराला धक्का न लावता लगत काप घ्यावा. खोडाला घासून घेतलेला सपाट काप दिसायला नीट दिसतो, पण भरून यायला फार काळ घेतो. कापावर बोर्डोमलम लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तीही पाळावी. माझ्या मते मात्र कापाची जागा मलमापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. मलमासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर हे प्रमाण ठेवावे. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे आणि त्यात विळ्याचे पाते क्षणभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याची निवळी आणखी घालावी. झाड विरळ झाल्यावर दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या ज्या फांद्यांवर प्रथमच ऊन पडेल, त्यांना साधा चुना फासावा, म्हणजे साल फाटणार नाही.

सुधारणा झालीच तर दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसेल. तोडण्याचा निर्णय घ्यावा लागला तरी आंबा हे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतील झाड आहे. परवानगीवाचून ग्रामपंचायतीलाही ते तोडता येत नाही.

प्रश्न : शाळेत लावलेल्या कदंब आणि अशोकाच्या पानांच्या कडा करपत आहेत. बुरशीनाशक तीन वेळा मारले, फरक नाही. पाणी बोअरचे आहे.
— एक वाचक, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती

उत्तर : दर्यापूर हे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात येते, तेव्हा बोअरचे पाणी हाच पहिला संशयित आहे. क्षार पानाच्या टोकाला आणि कडेला साचतात, त्यामुळे करपा कडेने सुरू होऊन आत सरकतो आणि जुन्या पानांवर आधी दिसतो. बुरशीचे ठिपके असे शिस्तीत कडेने चालत नाहीत. ते पानभर कुठेही पडतात आणि पुष्कळदा त्यांच्याभोवती पिवळे वलय असते. बुरशीनाशकाने फरक पडला नाही, हाही एक पुरावाच आहे; चौथी फवारणी करू नये.

पाणी आणि माती दोन्ही कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. मातीत सोडियम जास्त निघाल्यास शिफारशीप्रमाणे जिप्सम देता येते, पण पाण्याचा निचरा नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, आणि या पट्ट्यातील भारी काळ्या मातीत निचऱ्याचीच अडचण आहे. शक्य असल्यास शाळेच्या छतावरचे पावसाचे पाणी या झाडांकडे वळवावे. कदंबाला गोड पाणी आणि ओल हवी असते. त्याच्या जागी पुढच्या वर्षी करंज, कडुनिंब, बोर किंवा विलायती चिंच लावणे शहाणपणाचे होईल. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसत असेल तर ते निराळे दुखणे आहे: चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या मोहाच्या झाडांचे बुंधे एका बाजूने पोकळ झाले आहेत आणि खोडावर उधईने मातीची वारुळे चढवली आहेत. फांद्यांवर बांडगूळही आहे. उधईचे औषध बुंध्याशी ओतावे काय?
— एक वाचक, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली

उत्तर : ओतू नये. ज्या जमिनीवर औषध ओतणार त्याच जमिनीवर मार्चमध्ये मोहफुले पडणार, ती वेचली जाणार आणि घरात खाल्ली जाणार, एवढे एकच कारण पुरेसे आहे. दुसरे कारण असे की उधई आपल्या झाडाचा शत्रू नाही. खोडावरचा मातीचा लेप हाताने खरवडून पाहावा. खालची साल घट्ट असेल आणि नखाने टोकरल्यावर आत ओल दिसत असेल तर उधई सालीचा वरचा मेलेला थर आणि पोकळीतले मेलेले लाकूडच खात आहे. झाडाचे जिवंत लाकूड बाहेरच्या कड्यात असते, म्हणून मधून पोकळ झालेला मोहही वर्षानुवर्षे फुलतो.

पोकळी कशी झाली, हे पाहण्यासाठी ती झाडाच्या कोणत्या अंगाला आहे याकडे लक्ष द्यावे. उतारावरच्या झाडांत ती बहुधा चढाच्या बाजूला असते, कारण पाला तिथे अडून साचतो. आणि तिचा आकार खाली रुंद, वर निमुळता, त्रिकोणी असतो. तो आगीचा व्रण आहे. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटवला जातो. साचलेला ढीग बुंध्याशी जास्त वेळ धुमसतो आणि त्या बाजूच्या सालीखालचा जिवंत थर भाजून मरतो. पुढच्या वर्षी त्याच उघड्या लाकडावर पुन्हा आग, मग बुरशी, मग उधई. येत्या हंगामात पाला झाडून बुंध्यापासून चार-पाच हात दूर न्यावा, किंवा झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा करावीत. जाळीवरची फुले मातीविना मिळतात आणि त्यांना भावही बरा येतो. जुना व्रण सिमेंटने भरू नये, कारण आत ओल कोंडते.

बांडगुळाची गोष्ट खरी चिंतेची आहे. ते मोहाच्या लाकडात आपले मूळ घुसवून पाणी आणि क्षार ओढते, आणि उन्हाळ्यात मोहाची पाने गळालेली असताना त्याचे हिरवे झुबके लांबूनही ओळखू येतात. त्याची गोड फळे फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बिया फांद्यांवर पुसतो. तिथेच नवे रोप रुजते. म्हणून फळे धरण्यापूर्वी, आणि नुसते ओरबाडून नव्हे, तर जिथे ते चिकटले आहे तिथून हातभर मागे येऊन ती फांदी कापावी. मुख्य खोडावरच ते असेल तर दर वर्षी सालीलगत तासत राहणे एवढाच उपाय उरतो.

प्रश्न : धुऱ्यावरच्या लहान कडुनिंबांची नवी पाने अतिशय बारीक, पिवळट आणि झाडूसारखी गुच्छाने येत आहेत. हा विषाणूजन्य रोग आहे काय?
— एक शेतकरी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा

उत्तर : धुऱ्यावरचे गवत मारण्यासाठी आपण किंवा शेजाऱ्यांनी या पावसाळ्यात ग्लायफोसेट फवारले होते काय, हे आधी आठवून पाहावे. हे तणनाशक पानांतून आणि कोवळ्या झाडांच्या हिरव्या सालीतूनही आत शिरते, वाढीच्या टोकांकडे जाते आणि पुढच्या फुटीला नेमकी आपण लिहिलेली लक्षणे दाखवते. फवारणी आणि लक्षण यांत मध्ये बराच काळ जात असल्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. पाने आखडण्याऐवजी देठ पिळवटून पान वाटीसारखे वळले असेल तर संशय टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकावर घ्यावा. त्याचा फवारा वाऱ्याबरोबर लांबवर जातो. शेताच्या बाजूची झाडे जास्त आणि आतली कमी बाधित आहेत का, तेही पाहावे, कारण विषाणूला धुऱ्याची दिशा कळत नाही. यावर उतारा नाही. पाणी देऊन वाट पाहावी. सौम्य मात्रा असेल तर पुढच्या वर्षीची पालवी नीट येते.

प्रश्न : (१) करंजाच्या पानांवर बोटासारखे फोड आले आहेत. (२) सागाच्या पानांची सप्टेंबरमध्ये जाळी झाली आहे.
— अनुक्रमे खामगाव आणि मूल येथील वाचक

उत्तर : करंजावरचे फोड डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीवर्गीय किडीमुळे येतात. झाडाचे त्याने फारसे बिघडत नाही; बाधित पाने आपोआप गळतात. काही करू नये. सागाच्या पानांतला हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी ठेवणारी अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. साग एरवीही उन्हाळ्यापूर्वी पाने टाकणारच असतो, त्यामुळे मोठ्या झाडाची वाढ थोडी खुंटते, इतकेच. जूनमध्ये कोवळी पालवी बारीक शिरांसकट फस्त करणारी अळी वेगळी. ती रोपवनात सलग काही वर्षे आली तर वनविभागाला कळवावे.

प्रश्न : वाळलेल्या फांद्या तपासणीसाठी नेल्या, तर ‘रोगकारक बुरशी आढळली नाही’ असे सांगण्यात आले. मग नमुना न्यायचा तरी कसा?
— एक वाचक, तालुका काटोल, जिल्हा नागपूर

उत्तर : पूर्ण वाळलेल्या लाकडावर मेलेल्या लाकडात राहणाऱ्या बुरशींचा सुळसुळाट झालेला असतो, आणि मूळ रोगकारक त्यांत हरवून जातो. नमुना जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरचा हवा: एका टोकाला हिरवी, दुसऱ्या टोकाला तपकिरी असलेली वीतभर फांदी. ती वर्तमानपत्रात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून एका दिवसात दुसरीच बुरशी चढते. मुळांचा संशय असेल तर बोटाएवढ्या जाडीची दोन-तीन मुळे भोवतालच्या मूठभर मातीसह द्यावीत. नमुना सोमवारी किंवा मंगळवारी पोचेल असा पाठवावा, म्हणजे तो सुट्टीत पडून राहणार नाही. जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग येथे चौकशी करावी. झाड संत्र्याचे असेल तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आपल्याला जवळ पडेल.

सोबत छायाचित्रे द्यावीत: दुरून संपूर्ण झाडाचे आणि त्याच्या चारी बाजूंच्या जागेचे एक, जमिनीलगतच्या बुंध्याचे एक, आणि दुखण्याच्या जागेचे जवळून एक. पाठीमागे झाडाचे वय, पाण्याचा स्रोत आणि गेल्या पाच वर्षांत त्या जागी झालेले खोदकाम, भराव, बांधकाम, आग व तणनाशकाची फवारणी यांची नोंद लिहावी. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही एवढी माहिती असल्यास उत्तर लवकर देता येते.